जास्त कुठला दुखतो?

ऑपरेशनच्या सकाळी आईला हॉस्पिटलचा मागून बांधायचा अंगरखा घालत होते, तेव्हा तिच्या उजव्या नडगीवर मला काळा बाण दिसला. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी तो काढला होता डाव्या नडगीवर, माझ्या डोळ्यांदेखत.

आधी वाटलं, मी समोर उभी आहे म्हणून माझंच डावं-उजवं उलटं होतंय. म्हणून वळून तिच्या शेजारी, तिच्याच दिशेला तोंड करून उभी राहिले. तरी उजवाच. डावी नडगी घासून घासून लाल झाली होती. पायाशी ओला टॉवेल पडला होता आणि आई खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय अशा थाटात बघत होती. बाहेर पार्किंग होतं.

स्ट्रेचर कुठल्याही क्षणी येणार होतं.

आता हे असं का झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल, आणि मागे गेलं की जिथेतिथे मीच दिसते. घरात मला फौजदार म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही, पण कानावर येतं. मामाने ठेवलेलं नाव आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी तक्रारीच्या खिडकीवर बसते. तिथे मऊ माणसाचं पीठ होतं. कुठला माणूस नळासाठी ओरडतोय आणि कुठला बायकोवरचा राग माझ्यावर काढतोय, हे मला पहिल्या वाक्यात कळतं. त्यामुळे आईच्या गुडघ्यांचं काम निघाल्यावर पुढे कोण होणार, हा प्रश्नच नव्हता.

आई शिवणकाम करते. घरातल्या पुढच्या खोलीत मोटरचं मोठं मशीन आहे आणि शाळांचे गणवेश, हॉटेलांचे पडदे असली जाड कामं तिच्याकडे येतात. दोन्ही गुडघे झिजलेले. जिना उतरताना ती कठडा धरून आडवी उतरायची. मामा फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता: हे तेल लाव, ते तेल सोड, पट्टा बांध. पट्ट्याने गुडघा सोडून बाकी सगळं आवळलं जायचं. गोळ्या झाल्या, व्यायाम झाला, इंजेक्शनं झाली. शेवटी मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

जाताना मी प्रश्न पाठ करून गेले होते. डॉक्टर उंच, शांत, चष्मा डोक्यावर चढवून टेबलावर शोधणारे. मी सुरू केलं. सांधा पूर्ण बदलणार की अर्धा? किती वर्षं टिकतो? यंत्राच्या हाताने करतात त्यात काय वेगळं, आणि त्याचे जादा पैसे विमा देतो का? भूल कमरेत की पूर्ण? दुसऱ्या दिवशी चालवतात म्हणे, ते खरं की जाहिरात? गाडीत कधी बसायचं, जिना कधी चढायचा, जंतू झाले तर काय? डॉक्टरांनी एकेकाचं नीट उत्तर दिलं. दोन्ही गुडघे एकदम नको म्हणाले, वय आणि रक्तदाब बघता एकेक करू. मग चष्मा डोळ्यांवर आणून त्यांनी आईकडे पाहिलं.

"मावशी, जास्त कुठला दुखतो?"

"डावा," मी म्हटलं.

दिसत होतं ना! डावा पाय बाहेरच्या बाजूला वाकलेला, चालताना ती तो ओढायची. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "दोन्ही खराबच आहेत. डावा किंचित जास्त वाटतो. तुम्हीही डावाच म्हणताय, तर डाव्यापासून सुरुवात करू." मी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नावर गेले.

विम्याच्या खिडकीवर मात्र माझी गाठ माझ्याच धंद्यातल्या माणसाशी पडली. पेशंट त्याला मंजुरीवाले म्हणत. प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची त्याची सवय बघून मला माझीच आठवण झाली, आणि अर्थातच राग आला. आधी मंजुरी, मग भरती, तो म्हणाला. मंजुरी एकाच गुडघ्याची. ठरल्या दर्जाच्या वरची खोली घेतली तर नुसता खोलीचा फरक नाही, सगळ्या बिलाला कात्री लागते. सांधा विम्यात बसतो. वॉकर, हातमोजे, असलं किडुकमिडुक तुमच्याकडे.

"आणि दुसरा गुडघा?"

"त्याचा अर्ज तेव्हा करा. तेव्हा जी रक्कम शिल्लक असेल त्यात."

मी भांडले. मागून आई माझी बाही ओढत होती. "आई, मध्ये बोलू नकोस," मी म्हटलं आणि काचेवर बोट आपटलं. परतताना लिफ्टमध्ये तिला समजावलं, "आत्ता एक होऊ दे. दुसऱ्याचं नंतर बघू." ती गप्प होती. तिचं गप्प बसणं मला नेहमी होकारासारखंच वाटत आलंय.

तर तो बाण.

मी दार लोटून घेतलं. "आई, हे काय आहे?"

"काय?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. ही खूण तू काढलीस."

नाकारण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांचा बाण घाईघाईचा, एका फटक्यात मारलेला होता. हा सरळ, सारख्या जाडीचा, टोकाशी दोन्ही बाजूंना अगदी एकसारख्या रेघा. कापडावर खूण करणाऱ्या हाताचाच होता तो. फायलींवर नाव घालायला मी आणलेला मार्कर तिच्या उशीखालून डोकावत होता.

"आंघोळीला साबण दिला सिस्टरनी," आई म्हणाली. "त्यानं निघत नव्हतं. मग दगडानं घासलं."

"तुला कळतंय का तू काय केलंस? तिथे ही खूण बघून पाय उघडतात! चुकीचा पाय कापला असता त्यांनी!"

"चुकीचा कुठला, ते कुणी ठरवलं?"

तिने आवाज चढवला नाही. तिने कधीच चढवलेला नाही. पण मी हातातला टॉवेल खाली ठेवला.

"उजवा दुखतो," ती म्हणाली. "डावा वाकडा दिसतो, पण तो मेला सुन्न आहे, त्याची मला सवय झाली. उजवा झोपू देत नाही. आणि मशीनची दांडी उजव्याच गुडघ्यानं ढकलावी लागते. ती ढकलल्याशिवाय कापड दाबून धरणारी पट्टी उचलली जात नाही, आणि पट्टी उचलल्याशिवाय कोपरा वळत नाही. सहा महिने झाले, मी प्रत्येक कोपऱ्याला हातानं गुडघा ढकलतेय."

पुढच्या खोलीत मी दिवसातून दहादा जाते. ती वाकून गुडघ्याला हात लावते, हे मी पाहिलंही होतं. मला वाटायचं, चोळते आहे.

"मग सांगायचं नाही का!"

"कधी? डॉक्टरांनी मला विचारलं, तू बोललीस. खिडकीवर तुला सांगायला गेले, तर मध्ये बोलू नकोस म्हणालीस. काल रात्री सांगणार होते, तू मामाला फोनवर झापत होतीस."

"आई, पण नंतर दुसराही..."

"नंतर बघू म्हणालीस ना लिफ्टमध्ये." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "आपल्या घरात नंतर बघू म्हणजे काय, ते मला माहीत आहे गं. तुझ्या वडिलांच्या डोळ्याचं नंतर बघू, मागच्या खोलीच्या छपराचं नंतर बघू. गेले ते तसेच, एका डोळ्यानं. मला एकच मिळणार आहे. मग मला हवा तो घेते."

मी चिडले. ड्रेसिंगच्या ट्रेमधला स्पिरिटचा बोळा उचलला आणि तिची उजवी नडगी पुसायला लागले. मनात सगळा हिशेब तयार होता: मंजुरी डाव्याची, कागद डाव्याचे, आत्ता काही बदललं तर सगळंच रद्द होईल, ही पुन्हा उपाशी राहील, पुन्हा तारीख, पुन्हा ती खिडकी. पुसून टाकावं, डाव्यावर पुन्हा बाण काढावा, कुणाला कळणारही नाही. आधी डावा झाला तरी तिचं भलंच होतं ना?

आईने पाय मागे घेतला नाही. शाळेत जाणाऱ्या पोराचं तोंड पुसतात तसं तिने मला पुसू दिलं, आणि मान भिंतीकडे फिरवली. शाई अर्धी निघाली, अर्धी फिकट करडी होऊन कातडीत बसली. मी उशीखालचा मार्कर ओढला, टोपण काढलं. तेवढ्यात दार उघडलं.

सिस्टर होत्या, आणि मागे स्ट्रेचर घेऊन वॉर्डबॉय. मी मार्कर मुठीत लपवला. एवढी मोठी घोडी मी, आणि कॉपी करताना पकडल्यासारखी उभी.

"चला मावशी, वेळ झाली. पूर्ण नाव सांगा."

आईने सांगितलं.

"सकाळपासून काही खाल्लं-प्यालं?"

"नाही हो, पाणीसुद्धा नाही," मी म्हटलं.

"त्यांना सांगू द्या, ताई. ऑपरेशन कुठल्या पायाचं?"

"डावा," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. खिडकीपलीकडच्या माणसाचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही, ही सवय हाडात गेली आहे.

सिस्टरनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मावशी, तुम्ही सांगा. कुठला पाय?"

आई भिंतीकडेच बघत म्हणाली, "हिलाच विचारा. माझ्यातलं सगळं हिला माहीत असतं."

सिस्टरनी चादर बाजूला केली. डावी नडगी कोरी, उजवीवर पुसट करडा डाग. त्यांनी दोन्ही पाय पाहिले, माझी मूठ पाहिली, आणि स्ट्रेचरवाल्याला म्हणाल्या, "बाहेर थांब. पेशंटनं स्वतः सांगितल्याशिवाय हे स्ट्रेचर हलत नाही." मग फोन उचलून डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर थिएटरच्या हिरव्या कपड्यांतच आले. त्यांचा आवाज शांत होता, पण आजची शांतता वेगळी होती. "खूण कुणी पुसली?"

"मी," आई म्हणाली.

"मी," मी म्हटलं. दोन्ही खरं होतं. तिने डावी पुसली, मी उजवी.

मी सांगायला लागले. मशीन, दांडी, लिफ्ट, सगळं एका दमात. डॉक्टरांनी हात वर केला. "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

"मी तिची मुलगी आहे."

"म्हणूनच."

मी बाहेर गेले. त्यांनी पलंगाभोवतीचा पडदा ओढला, सिस्टरनी दार अर्धवट लोटलं. कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवाला भिंतीला टेकून नखं बघत होता. आतून आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. डॉक्टरांचं थोडं, मग आईचं. मग पुन्हा आईचं. पुन्हा आईचंच. मी दाराला कान लावणार होते, पण स्ट्रेचरवाल्याने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी सरळ उभी राहिले. आई प्रश्न विचारत होती. तिच्या आवाजाची शेवटाला वर जाणारी उडी तेवढी मला ओळखू येत होती. एक उडी, थोडं थांबणं, दुसरी उडी. आतल्या बाईकडे इतके प्रश्न होते, हे मला जन्मात माहीत नव्हतं. भीती तर वाटतच होती, पण त्याहून जास्त लाज वाटली.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा चष्मा डोक्यावर होता.

"उजवाच करायचा," ते म्हणाले. "एक्स-रेमध्ये दोघांत उन्नीस-बीसचा फरक आहे. अशा वेळी आम्ही जास्त दुखणारा आधी करतो, आणि ते मी विचारलं होतं. उत्तर मला चुकीच्या माणसाकडून मिळालं, आणि मीही ते घेतलं. तेवढी चूक माझी. दांडी ढकलायचं काम लगेच नाही जमणार, हे मी त्यांना सांगितलंय. त्या म्हणाल्या, थांबेन. पण मंजुरी डाव्याची आहे. मी पत्र लिहून खाली पाठवतो. दुपारपर्यंत उजव्याची आली तर आज करू. नाही आली तर घरी जा, पुन्हा तारीख घेऊ. कधीची मिळेल, ते मी आज सांगू शकत नाही."

मी जिन्याने धावले. लिफ्टची वाट बघणं शक्य नव्हतं.

खिडकीपुढे रांग होती. रांगेत घुसणाऱ्यांवर मी वर्षानुवर्षं खेकसत आले आहे. त्या दिवशी मीच घुसले. मागच्या बाईने जे सुनावलं ते मी निमूट ऐकून घेतलं. मंजुरीवाल्याने मला ओळखलं आणि खुर्चीत मागे सरकला.

"उजवा हवाय," मी म्हटलं. "डाव्याऐवजी. आज, दुपारच्या आत."

"असं कसं? ऑपरेशनच्या दिवशी पाय बदलला तर कंपनी पहिला प्रश्न विचारते, का? डॉक्टरांचं पत्र लागेल."

"पत्र येतंय. डॉक्टर पाठवतायत."

"ते वैद्यकीय कारण. पण आधी डावा का लिहिला होता, तेही सांगावं लागतं. काय कळवू? दुखणं बदललं? तपासणीत नवीन काही निघालं?"

तो मला वाट काढून देत होता, हे मला कळलं. आपल्या बाजूच्या माणसाला आम्ही खिडकीवाले अशीच वाट काढून देतो. त्यातली कुठलीही उचलली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

"पेशंटला विचारलंच नव्हतं," मी म्हटलं. "असं कळवा. मुलीनं परस्पर उत्तर दिलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने की-बोर्ड ओढला, काहीतरी टाइप केलं आणि फोन लावला. बराच वेळ नुसतं हो-नाही चाललं होतं. मी काचेला हात टेकून उभी होते. वर आई उपाशीपोटी, स्ट्रेचर दाराशी, आणि घड्याळाकडे बघायची माझी हिंमत नव्हती. त्याने फोनच्या तोंडावर हात ठेवला.

"कंपनीचे डॉक्टर आहेत. त्यांना खात्री करून घ्यायचीय. बोला."

मी फोन घेतला. पलीकडून एका बाईचा घाईतला आवाज आला. "तुम्ही पेशंटच्या नातेवाईक ना? मला सांगा, दुखणं नक्की कुठल्या गुडघ्यात आहे, आणि कधीपासून?"

सगळं मला माहीत होतं. सकाळी कळलेलं, पण शब्दन् शब्द माहीत होता. उजवा, सहा महिने, दांडी, कोपरे, झोप. तोंड उघडलं, आणि मिटलं.

"मॅडम, ते मी सांगत नाही," मी म्हटलं. "पेशंट वर आहे. तिच्याच तोंडून ऐका. वरचा नंबर देते, तेवढं जोडून घ्या. कृपा करून फोन ठेवू नका."

मंजुरीवाल्याने काही न बोलता वॉर्डमध्ये फोन जोडून दिला. मी पुन्हा जिना चढले. वर पोहोचले तेव्हा दम लागून दाराच्या चौकटीला धरावं लागलं. सिस्टरनी रिसीव्हर आईच्या हातात दिला होता. आई पलंगावर ताठ बसली होती, मोकळा हात उजव्या गुडघ्यावर. मला पाहून तिने बोटानेच खूण केली: गप्प.

"हो, मीच पेशंट," ती म्हणाली. "विचारा."

पलीकडून प्रश्न येत राहिले आणि ती उत्तरं देत राहिली. मध्येच अडली, तेव्हा माझ्या जिभेच्या टोकावर शब्द आला होता. मी ओठ दाताखाली धरले. तिने तो स्वतः शोधला, सावकाश, आणि सांगितला. मग ती बराच वेळ नुसतं ऐकत होती, आणि मग पुन्हा तीच विचारायला लागली.

शेवटी तिने रिसीव्हर सिस्टरकडे दिला आणि नवी खूण करायला आलेल्या डॉक्टरांसमोर अंगरखा वर करून उजवी नडगी पुढे केली.

"पाठवतायत मंजुरी," ती मला म्हणाली. "आणि डावा कधी करता येईल, तेही विचारून घेतलं मी. तू नंतर बघू म्हणाली असतीस."